लॉनीचा बेस आणि माझा हात

सोमवार, २ मार्च १९८१, मेम्फिस
ठरलं. यापुढे घरात एकही वाद्य आणायचं नाही. आहेत तेवढे खर्जाचे बेस गिटार आणि साधे गिटार पुरे. डॉटला तसं सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. बायकोचं हे "बरं" डोक्यात जातं.

बुधवार, ४ मार्च
लॉनी केट्स गेला. चर्चच्या बँडमध्ये तो बेसवर, मी गिटारवर. तो आजारी पडला की बेसवर मी. मेला फारसा आजारीच पडला नाही. पुढे लिहवत नाही.

शनिवार, ७ मार्च
लॉनीचा बेस आणला. नियम मोडलेला नाही. त्याच्या बायकोने, अर्लीनने, आपणहून दिला. अट एकच. स्मरणप्रार्थनेला त्याचं गाणं त्याच्यासारखं वाजवायचं. तिला तो एकदा ऐकायचाय. शब्द दिला. त्यात अवघड काय?
लोक रंग बघून, कंपनी बघून वाद्यं जमवतात. मी मालक बघतो, तोही मेलेला. त्याच्या बोटांनी रंग उडालेल्या जागी आपली बोटं टेकवायची, की त्याचा हात आपल्यात उतरतो. अजून कुणाचा उतरलेला नाही. वेळ लागतो.

मंगळवार, १० मार्च
लॉनी आलाय. बेस कोपऱ्यात उभा, कुणी हात लावलेला नाही, आणि गुणगुणतोय. अंगावर काटा आला. डॉट म्हणते, फ्रीज सुरू झाला की होतं ते. फ्रीज बंद केला. गुणगुण थांबली. लॉनी लाजाळू होताच.
डॉट वाद्यांच्या त्या खोलीत झाडूसुद्धा मारत नाही. म्हणते, तुझी ती सगळी मेलेली माणसं तिथे उभी, त्यांच्या पायात कशाला घुटमळू?

शुक्रवार, १३ मार्च
सराव. आवाज बसका. बोटं काळी. इथल्या जुन्या बेसवाल्यांसारखाच लॉनी तारा कधी बदलायचा नाही. घाम, तेल, सिगारेटचा धूर, सगळं तारांवर. बिचारा त्या मळाखाली गुदमरतोय, हे माझ्याच लक्षात आलं. नव्या तारा चढवल्या. लाकूडही पुसून लख्ख केलं.

शनिवार, १४ मार्च
घात झाला. बेस भांड्यांच्या दुकानासारखा खणखणतोय. लॉनीचा आवाज त्या मळातच होता. जुन्या तारा डॉटने कचऱ्यात टाकल्या, कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली. चूक पूर्णपणे डॉटची.
फ्रीज चालू ठेवून कोपऱ्यात बसलो. गुणगुण नाही. लॉनी गेला, हे मला आज कळलं. फार एकटं वाटलं.

मंगळवार, १७ मार्च
उपाय सापडला. डॉट चिकन तळत होती. कढईतलं तेल तारांना चोळलं. लॉनीने आयुष्यभर जमवलेलं मी एका दुपारात केलं. आता काळजी नाही.

रविवार, २२ मार्च
प्रार्थना झाली. पास्टरांनी वास घेत विचारलं, जेवण आधी ठेवलंय का. दुर्लक्ष केलं. वाजवलं. मध्येच तालाच्या पुढे धावलो, शेवटी सगळे थांबले तरी मी चालूच. पण अर्लीन डोळे पुसत होती. खाली उतरून तिला विचारलं, तो आला का?
"अगदी आला," ती म्हणाली. "जेवण झालं की तो स्वयंपाकघरात बसून तुझी नक्कल करायचा, वेंडेल. हुबेहूब असंच वाजवायचा. हसून हसून पोट दुखायचं माझं."
ती रडत होती आणि हसतही होती. डॉट मान खाली घालून उभी होती. तिलाही ठाऊक असावं.
शब्द पाळला, एवढं खरं. बेस जागेवर नेऊन ठेवला. आता त्या खोलीत पाऊल टाकलं की वाटतं, ते सगळे मेलेले मालक आत्ताच मला बघून गप्प झालेत.