शेजारच्या फळीवरचा माणूस

प्रिय बाळ्या,

अक्षर बघून दचकू नकोस. माझा उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये आहे, म्हणून सांगतोय मी आणि लिहितंय दुसरं कोणी. खालची वेडीवाकडी सही मात्र डाव्या हाताने मीच करणार आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र ताईबरोबर पाठवतोय. शेवटपर्यंत वाच. अर्धवट ऐकून धावत सुटायची तुझी खोड लहानपणापासूनची आहे.

कारखान्यात काय झालं ते तू लोकांकडून ऐकलंस, आता बापाकडून ऐक. आमच्याकडे जनावरांची धडं आकड्यांना लटकून पुढे सरकत येतात आणि प्रत्येकाने आपल्या वाटणीचं कापायचं. ती रांग कोणासाठी थांबत नाही. पण शेजारी सुरी ठेवून गेला की त्याची फळी आपण सांभाळायची, हा आमचा जुना रिवाज. मग तो लघवीला जावो नाहीतर विडी ओढायला. मी दुपारच्या प्रार्थनेला कपडे बदलायच्या खोलीत जायचो, तेव्हा माझी फळी शेजारचा टकल्या सांभाळायचा. तो आपल्या धर्माचा नाही. थट्टेत तर त्याचा हात कोणी धरणार नाही. देवाला माझाही नमस्कार सांग, म्हणायचा, आणि मी येईपर्यंत घामाने निथळत दोघांचं काम ओढायचा. त्याची ती थट्टा तुला कधीच सहन झाली नाही.

नव्या मुकादमाने विडीला मुभा ठेवली आणि प्रार्थना बंद केली. मी मोठ्या साहेबांकडे गेलो, त्यांनी परवानगी दिली. झालं, मुकादमाचं पित्त खवळलं. मी गुडघे टेकून बसलो होतो, तेव्हा तो दोघांना घेऊन आला आणि लाथेने दार उघडलं. फरशी धुवायच्या पाइपातलं कढत पाणी त्याने माझ्या पाठीवर सोडलं. मी ओरडलो तर तोंडावर बूट बसला, पुढचे दात गेले. मग केसांना धरून, रक्ताने निसरड्या झालेल्या फरशीवरून त्यांनी मला मांस ठेवायच्या थंड खोलीपर्यंत फरफटत नेलं. आता इथे कर प्रार्थना, म्हणाला. मी चौकट घट्ट धरली होती. त्याने ते जाड लोखंडी दार माझ्या बोटांवर आपटलं. एकदा नाही, बोटं सुटेपर्यंत आपटत राहिला. हाडं मोडल्याचा आवाज आम्हाला रोजचाच, पण आपल्या हाडांचा सहन होत नाही रे.

रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं आणि माना खाली घालून कापत राहिले. एकट्या टकल्याने सुरी टाकली. त्याने मुकादमाचं नाक फोडलं, स्वतःची बरगडी मोडून घेतली आणि मला बाहेर ओढलं. ऑफिसातले लोक धावत आले, तेव्हा दाराशी माझ्या रक्ताने माखलेला तोच उभा होता. मुकादमाने त्याच्याकडे बोट दाखवलं, बाकीच्यांनी नोकरीच्या भीतीने री ओढली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. तुझ्या कानावर तेच आलं.

माझी सुरी कप्प्यात नाही, असं ताई म्हणाली. ती कोणासाठी नेलीस ते मला न सांगता कळलं. मलाही राग येतो, बाळ्या. मुकादमाचा गळा मी मनात रोज चिरतो. पण उद्या चौकशी आहे आणि तिथे खरं बोलायला एकच माणूस तयार आहे. त्याला मारलंस तर मुकादमाचंच काम करशील. तो आत्ता माझ्या खाटेजवळ कण्हत बसलाय आणि हे सगळं पत्र त्यानेच लिहिलंय. सुरीबद्दलचं वाक्य लिहिताना त्याचा हात थांबला. मग म्हणाला, बोथट झाली असेल ती, पोराला सांग घेऊन ये, धार लावून देतो. सकाळी तो मला चौकशीला नेणार आहे. एका बाजूने तो धरेल, दुसऱ्या बाजूने धरायला तू ये.

तुझाच,
बाबा