माझा होकार, यांचं पोट

४ जून, मंगळवार
सकाळी हे पोट धरूनच उठले. "गॅस असेल." दुपारी पोट फळीसारखं टणक, हात लावू देईनात. तापात असंबद्ध बडबड. गाडीत घालून दवाखान्यात आणलं.

डॉक्टरबाई भरभर बोलल्या. "मोठं आतडं फुटलंय. पोटभर घाण पसरलीय, आत्ताच उघडावं लागेल. सडलेला भाग काढून लगेच जोडलं तर टाके सुटतील. म्हणून आतड्याचं तोंड पोटावर काढायचं, बाहेर पिशवी. हो म्हणा, नाही म्हणा — पण लवकर!"

मोठ्या दिरांना अशीच पिशवी होती. तेव्हा हे म्हणाले होते, "मला असलं करू देऊ नकोस. त्यापेक्षा जाऊ दे मला." थट्टा नव्हती ती. उघड्या अंगानं तलावाच्या काठावर उभं राहून पोहायला शिकवणारा माणूस!

मी हो म्हटलं. सही केली.

५ जून
पोट धुतलं, पण शिवलं नाही. मुद्दाम उघडं ठेवून वरून झाकलंय — पुन्हा धुवायचंय म्हणे. काचेतून पाहिलं. तोंडात नळी, चेहरा सुजलेला. पाय तेवढे ओळखीचे.

नणंद म्हणाली, "दादा काय म्हणाला होता, विसरलीस का गं वहिनी?"

नाही विसरले. तेच तर!

७ जून
पुन्हा आत नेलं. राहिलेला पू काढला, धुतलं, शिवलं. डॉक्टरबाई पहिल्यांदाच माझ्याशेजारी टेकल्या. "आता धीर धरा."

११ जून
नळी काढली. पाणी मागितलं. मग हात चादरीखाली गेला — आणि थांबला.

"कोणी हो म्हटलं?"

"मी."

तोंड भिंतीकडे.

१२ जून
भिंतीकडेच.

१५ जून
नर्सनं शिकवलं, तशी पिशवी मी बदलते. हे छताकडे बघत राहतात. आज माझ्या हातून निसटली, सगळं चादरीवर. मी रडले. यांनी चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं!

मला पश्चात्ताप होत नाही. त्यांच्यासमोर हे बोलायची हिंमत नाही, इतकंच.

१९ जून
शेजारच्या खाटेवर नवा माणूस. तोच आजार. डॉक्टरबाईंना हात जोडून म्हणत होता, "पिशवी नको." बायको नुसती उभी.

हे एकदम म्हणाले, "मला उठव." खांद्याला धरून त्याच्या खाटेपाशी नेलं. यांनी सदरा वर केला.

"बघ नीट. हिनं माझं ऐकलं नाही, म्हणून तुझ्याशी बोलतोय."