हुद्दा पत्नी, खातं कपडे धुणं

आदरणीय साडूसाहेब यांस,

सप्रेम नमस्कार. आपलं सांत्वनाचं पत्र येऊन पाच महिने झाले आणि उत्तर आज लिहायला घेतो आहे, तरी राग नसावा. मी बोलतो कमी आणि लिहितो त्याहून कमी, हे आपण माझ्या पहिल्याच भेटीत सर्वांसमक्ष जाहीर केलं होतं ("आमचे साडू म्हणजे बंद दुकान"). आपला गुडघा, रक्तदाब आणि वजनमापांच्या निरीक्षकाची ती नोकरी, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा आहे. धाकटी कशी आहे? (आपल्या सौभाग्यवती. हिची धाकटी बहीण म्हणून मी अजून तिला धाकटीच म्हणतो.) तिला खोकला वगैरे नाही ना? नसेलच. माझी तब्येत उत्तम आहे. ही बढाई नव्हे, माझ्याकडे तसं लेखी आहे. ते पुढे येईलच. पत्राला विशेष कारण नाही. काही मागायचंही नाही.

ही गेली त्या दिवशी आपण भरल्या खोलीत विचारलंत, "विडीला कधी हात न लावलेल्या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर होतोच कसा?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी फरशीकडे. उत्तर मला माहीत होतं, पण ते लांबलचक होतं आणि लोकांना घरी जायचं होतं. मी सव्वीस वर्षं सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात, पत्रे कापायच्या खात्यावर सुपरवायझर होतो. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि कापताना त्याची पिठासारखी धूळ उडायची. शेवटची आठ वर्षं आम्हाला मास्क मिळाले. सुटताना मास्क फाटकाजवळच्या खिळ्याला टांगून जायचा नियम होता, कारण तो कारखान्याची मालमत्ता होता. धूळ मालमत्तेत धरलेली नव्हती. ती घरी न्यायला कोणाची हरकत नसे, म्हणून आम्ही ती रोज अंगावरच्या कपड्यांतून घरी न्यायचो. घरी कपड्यांची रीत ठरलेली होती. आधी गॅलरीत झटकायचे आणि मग भिजवायचे, नाहीतर बादलीत नुसता चिखल व्हायचा. भिजवणं आणि घासणं हिच्याकडे. धाकटी कॉलेजसाठी तीन वर्षं आमच्याकडे राहिली, तेव्हा झटकणं तिच्याकडे. तिला ते काम आवडायचं. केस आणि भुवया पांढऱ्याफटक करून ती आत यायची, कमरेत वाकायची आणि म्हातारीचा आवाज काढून म्हणायची, "सूनबाई, चहा टाकलात का?" आम्ही दोघं हसून बेजार व्हायचो. मी आयुष्यात मोजकंच हसलो आहे, त्यातलं बरंचसं तेव्हाचं. ही धूळ छातीत पंचवीस-तीस वर्षं काही न बोलता बसून राहते, असं डॉक्टर सांगतात. या बाबतीत ती माझ्या वळणावर गेली आहे.

कारखाना बंद पडला आणि दोन वर्षांनी जुन्या कामगारांसाठी तपासणी सुरू झाली. छातीचा स्कॅन काढणारी एक गाडी वर्षातून एकदा कारखान्याच्या ओसाड आवारात येते आणि आम्ही पूर्वीसारखेच खात्यावार रांग लावतो. हेतू असा की काही असलंच, तर ते तांदळाच्या दाण्याएवढं असताना सापडावं, त्रास सुरू होण्याआधी. तेव्हा ते काढून टाकता येतं. माझा रिपोर्ट नऊ वर्षं एकच येतो, "ठीक". ही तो नीट वाचून फायलीत लावायची आणि म्हणायची, "चला, एका वर्षाची काळजी मिटली." तीन वर्षांपूर्वी मी गाडीतल्या डॉक्टरांना विचारलं, की आम्ही धूळ घातली ती अंगात आठ तास, जिने ती धुतली तिचं काय? ते म्हणाले, प्रश्न अगदी बरोबर आहे, पण मला विचारू नका, अर्ज करा.

अर्जाचा नमुना एकच, कामगारांचा. मला रकाने रिकामे सोडवत नाहीत. हुद्दा, पत्नी. खातं, कपडे धुणं. पाळी, माझ्या पाळीनंतरची. सेवा, सव्वीस वर्षं. निवृत्तीची तारीख, नाही. तपासणी समितीच्या कार्यालयातल्या कारकुनाने (त्याला सगळे शिक्केमास्तर म्हणतात, तो चहाच्या पावतीवरही शिक्का मारतो) अर्ज दोनदा वाचला. "काका, चेष्टा करताय का?" मी म्हटलं, नाही. "मग यांचा हजेरीपट आणा." मी म्हटलं, ती एकही दिवस गैरहजर नव्हती. "तेच लेखी आणा."

आता कपडे धुणाऱ्या बायकोचा पुरावा आणायचा कुठून? घरातले फोटो काढून बसलो. सगळ्यांत ती हात पुसून, केस नीट करून उभी. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाई आठवल्या. आमची धूळ त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची, म्हणून वीस वर्षं आमचं बोलणं बंद होतं आणि त्यांचं लिहिणं चालू. त्या इमारतीच्या सेक्रेटरीकडे तक्रारी करायच्या. मी दार वाजवलं. त्यांनी साखळी न काढता विचारलं, "आता कसली धूळ? तुम्ही तर रिटायर झालात." मी म्हटलं, मला तुमच्या तक्रारी हव्या आहेत. मी भांडायला आलेलो नाही, हे पटायला पाव तास गेला. मग त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून चौदा तक्रारींच्या प्रती काढल्या, तारीखवार. एकीत लिहिलंय, "वरच्या घरातील दोघी बहिणी रोज सायंकाळी सहाच्या सुमारास गॅलरीतून पांढरी धूळ उद्दामपणे खाली सोडतात." इतकं चोख सेवेचं प्रमाणपत्र मला स्वतःला कधी मिळालं नाही. प्रती देताना बाई थांबल्या. "म्हणजे ती धूळ वाईट होती?" मी म्हटलं, हो. "पण मला नाही हं काही व्हायचं. मी माझे कपडे दोनदा झटकून घ्यायचे." (त्यांचाही अर्ज भरून ठेवला आहे. हुद्दा काय लिहावा ते सुचत नाही.)

समितीने अर्जावर दीड वर्ष विचार केला. तेवढ्यात हिला खोकला लागला. खोकला लागल्यावर काय विचारता, मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या चार दिवसांत झाल्या आणि कोणी हजेरीपट मागितला नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मी म्हटलं, अर्ज केलेला आहे. पुढचं आपण पाहिलंत. ती गेल्यावर चार महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं, तिच्याच नावाने. आपली बाब विशेष म्हणून मान्य करण्यात येत आहे, तपासणीस स्वतः हजर राहावे.

मी पत्र घेऊन शिक्केमास्तरांकडे गेलो. हिची जागा हिच्या बहिणीला द्या म्हटलं, "दोघी बहिणी" असं लिहिलेली तक्रार पुढे ठेवली. ते म्हणाले, "नमुन्यात पत्नी आहे. मेहुणी नाही. पत्नी येणार नसतील तर नाव कमी करतो, जागा रद्द होईल." आणि पेन उचललं. (मी आधी दोन खाजगी दवाखान्यांत विचारून आलो होतो. काय होतंय, म्हणाले. काहीच होत नाही, म्हटलं. मग काही झालं की घेऊन या, म्हणाले.) साडूसाहेब, मी सव्वीस वर्षांत कधी खोटी अर्धी रजा घेतली नाही. मी म्हणालो, "पत्नी येईल." हिच्या निधनाची सूचना त्यांच्या पाठीमागे फळ्यावर लावलेली होती, त्यांच्याच शिक्क्यासह. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि स्टेपलरशी बोलावं तसं म्हणाले, "कार्डावर फोटो नसतो. वय तेवढं पाठ करून यायला सांगा."

असो. आमच्याकडे असे प्रकार चालू असतात. आपली घटकाभर करमणूक व्हावी म्हणून कळवलं. गुडघ्याला जपा.

आपला,
बंद दुकान

ता. क. वेळ अठरा तारखेची आहे, सकाळी दहा चाळीसची. धाकटीला घेऊन या. तिला काही होत नाही, असं आपण म्हणाल. काही होत नाही म्हणूनच बोलावतो आहे. गिऱ्हाइकाची तक्रार आल्याशिवाय काटा न तपासणाऱ्या निरीक्षकाला आपण काय म्हणता, ते मी आपल्याच तोंडून ऐकलं आहे. आपण जन्मात एका ग्रॅमचा खोटेपणा चालू दिला नाही, आणि मी आपल्याकडे आपली पत्नी चाळीस मिनिटं माझी म्हणून मागतो आहे. लाज वाटते, पण मागतो आहे. तिला वय अठ्ठावन्न सांगावं लागेल. एकदम अकरा वर्षं वाढवली म्हणून ती चिडेल, तो राग माझ्या नावावर. म्हातारीचा आवाज तिला काढता येतोच.

ता. क. आणखी एक. काही निघालं, तर मी त्याच दिवशी खरं सांगून कागद तिच्या नावावर करून घेईन. माझं नाव यादीतून काढतील, काढू देत. काही निघालं नाही, तर रिपोर्ट हिच्या नावाने येईल आणि तो आपल्या काही उपयोगाचा नाही. तेवढा मला ठेवू द्या. फायलीत माझे नऊ "ठीक" आहेत. हिच्या नावाचा एकही नाही.