घरामागचे पॉपलर

ओश, ऑक्टोबरची अखेर

प्रिय सालमोर,

तू पाठवलेल्या जर्दाळूंची पिशवी पोचली आणि ऑफिसात फुटलीही. माझ्या शेजारी बसणारी चिनारा मूठ भरून घेत म्हणाली, भाऊ असावा तर असा. मी म्हटलं, घेऊन जा, पण मग त्याची थट्टाही तूच सोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. फोनवर माझी दोन वाक्यं झाली की तू विचारतोस, "एजे, सभा भरली का? माईक आणू?" थोरल्या बहिणीची थट्टा करायचा हक्क धाकट्याला असतो, मला मान्य आहे. पण कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून आज कागद.

माझ्या कामाला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तू म्हणाला होतास, एवढ्या लांब नावाला एक मेंढी सहज बांधून ठेवता येईल. दिवसभर चित्रं रंगवायचा पगार मिळतो, असं अजूनही सगळ्यांना सांगत असतोस. तर ऐक, या महिन्यात काय काय रंगवलं. कुरणावरून भांडणाऱ्या दोन गावांना कुठल्या उतारावर किती गवत उरलंय ते दाखवलं. एका वस्तीतल्या पाण्याच्या नळाचा मार्ग सगळेच विसरले होते, तो शोधून दिला. बर्फ पडल्यावर रुग्णवाहिका कुठल्या घाटातून लवकर उतरेल तेही काढलं. जादू यात काही नाही. आपली आई, आपा, रजया घडी करून भिंतीशी एकावर एक रचते ना, तसे आमचे थर असतात. तळाला जमिनीची उंची, तिच्यावर ओढे, मग रस्ते, मग घरं. वरपासून तळापर्यंत एकदम बघायचं, एवढंच.

आता सभा भरवतेच. मी वाचलेल्या इतिहासांत नकाशे राजांनी काढले आणि सैन्यांनी वापरले. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी मंत्र्यासमोरही मांडलंय. नकाशा त्या माणसाचा, ज्याचं अंथरूण त्याच्यावर पडतं. तो त्याच्यापासून लपवणं ही चोरी, आणि त्याला बरं वाटावं म्हणून गोड करणं ही त्याहून मोठी चोरी. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

वसंतातली ती बैठक आठवते? डोंगरातून चिखलाचा लोंढा आला तर कुठली घरं सापडतील, त्याचा बाहेरून करून घेतलेला नकाशा गावात आला होता. ओढ्याकाठची घरं लाल, बाकीची हिरवी. शेजारचा सारीबाय लाल रंगात गेला. त्याला वरच्या पठारावर नवी जागा मिळाली आणि तो तोंड पाडून घरी निघाला. आपलं घर हिरवं. तू तो कागद झेंड्यासारखा नाचवलास आणि सगळ्या म्हाताऱ्यांसमोर त्याला म्हणालास, "सारीबाय आके, माझ्या बापाने घर कुठे बांधावं ते आकाशाला विचारून बांधलं होतं. तुमच्या बापाने कोंबडीला विचारलं असेल." सगळे हसले. आपासुद्धा हसली. मात्र एक गोष्ट मला खुपत राहिली. दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, मग लोंढ्याने एकालाच का वगळावं?

या महिन्यात जुने नकाशे तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी आपल्या गावाचा सगळ्यात तळाचा थर उघडला, जमिनीच्या उंचीचा. आपल्या घरामागे एक बांध दिसला. उंच, अरुंद, पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ. संगणकात लोंढा सोडला की तो त्या बांधाला आपटून सारीबायच्या अंगणात वळत होता. मी बघतच राहिले. घरामागे असा बांध कधी होता?

मग मला ओल्या मातीचा वास आला. तुझा जन्म झाला तेव्हा आपले वडील, अता, घरामागे पॉपलर लावत होते आणि मी रोपं धरून उभी होते, बूट चिखलात रुतलेले. तो बांध म्हणजे तुझे पॉपलर आहेत, सालमोर. उपग्रहाला वरून झाडांचे शेंडेच दिसतात. दाट ओळीतले ते शेंडे कुणीतरी जमीन समजून मोजले आणि आपल्या मागे भिंत उभी केली. मी ती ओळ पुसली, खालची खरी जमीन भरली आणि लोंढा पुन्हा सोडला. तो सरळ मागच्या खोलीत आला, जिथे आपा झोपते.

साहेब म्हणाले, घर तुझं आहे, दुसऱ्याला तपासू दे. बरोबरच होतं ते. चिनाराने सगळं पहिल्यापासून केलं, तेच उत्तर आलं. तिने माझ्यापुढे चहा ठेवला. पुढच्याच वसंतात लोंढा येईल असं मी म्हणत नाही, नकाशा भविष्य सांगत नाही. पण आला तर त्या झाडांनी तो अडणार नाही. आपलं घर आता लाल आहे.

तुला काय वाटेल ते मला माहीत आहे. तू शेवटचा मुलगा. आपल्या थोरल्या भावाचं, जेक्शेन बायकेचं, लग्न ठरलं तेव्हा त्याच्या नावाचे पॉपलर तोडून त्याच्या घराला तुळया झाल्या. तुझे तसेच वाढत राहिले, कारण धाकट्याने नवं घर बांधायचं नसतं, आईबापाचं घर आणि चूल त्याचीच. ते सोडणं म्हणजे अतांना सोडणं, असं तू म्हणशील. मी म्हणते, तुझ्या हाती चूल दिली आहे, भिंती नव्हे. आपले आजे-पणजे ती घोड्यावर बांधून डोंगर ओलांडत होते.

शुक्रवारी नवा नकाशा गावात येतोय आणि तो घेऊन मीच येतेय. म्हाताऱ्यांसमोर उभी राहून, मोठ्या आवाजात, आपलं घर लाल आहे हे मीच सांगणार. सारीबाय कोंबडीची आठवण काढेल. काढू दे, मी तुझ्या शेजारी उभी असेन. पण तिथे सगळ्यांच्या तोंडाकडे बघत तू ते पहिल्यांदा ऐकू नयेस, म्हणून हे पत्र. आणखी एक मागणं आहे. पठारावर सारीबायच्या शेजारची जागा अजून रिकामी आहे. झाडांचा रस आता उतरलाय, लाकूड तोडायला हेच दिवस चांगले. मी येईपर्यंत कुऱ्हाडीला धार लावून ठेव. अतांनी ती झाडं बांध म्हणून लावली नव्हती, तुझ्या घराच्या तुळया म्हणून लावली होती. पहिला घाव तू घाल. आपाला आणि चुलीतल्या निखाऱ्यांना वर न्यायचं काम माझं.

रोपं धरून उभी राहिलेली,
तुझीच
बुरुल एजे