तिसऱ्या मिनिटाला विझणारा हीटर

कीलुंग,
चांद्र बारावा महिना, पावसाचा कितवा दिवस ते मोजणं सोडलंय

तीर्थस्वरूप युए-क्येन ताईस,

धाकट्या छिन-श्वेइचा दंडवत. थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींना ऐकू यायला लागलं असेल तर जपून बोलत जा, इतक्या वर्षांची सवय मोडायला वेळ लागतो. माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे गेल्या मंगळवारी मी जवळजवळ मेलो होतो, पण ते क्रमाने सांगतो.

मागच्या गॅलरीतला गॅसचा हीटर तुझ्या पाहण्यातला आहे. महिनाभर तो पेटायचा आणि तिसऱ्या मिनिटाला, डोक्याला साबण लागला रे लागला की, विझायचा. (अठ्ठावीस वर्षं मी बोटीवर स्वयंपाक केला, वादळातही शेगडी विझू दिली नाही, आणि घरात ही फजिती.) सेल बदलले. सिलिंडर बदलला. सिलिंडरवाला म्हणाला, "काका, गॅस ठणठणीत आहे, तुमचे ग्रह तपासून घ्या." पाऊस आत येऊन कपडे वाळत नव्हते, म्हणून गॅलरीच्या खिडक्या मी प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून पक्क्या बुजवल्या होत्या. हे त्याला सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं नाही.

मग दुसरंच सुरू झालं. आंघोळीला बसलो की डोकं जड व्हायचं आणि न्हाणीघराच्या छोट्या खिडकीपलीकडे, गॅलरीत, सपाता घासत कुणी चालल्यासारखं वाटायचं. माझी मेइ-श्या जाऊन दहा महिने झाले, पण बायकोची चाल मी ओळखतो. उजवा पाय जरा ओढत. शेजारच्या च्येनबाईंना सांगितलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मग तीच विझवत असणार. पाणी फार सांडता तुम्ही. ती जिवंतपणीही हेच म्हणायची." मी देव्हाऱ्यापुढे कौल लावला, तीच आहे का म्हणून. लाकडाच्या त्या दोन फाका तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा उत्तर एकच: होय.

ताई, मला घाबरायला हवं होतं. मी भांडलो. फोटोपुढे उभा राहून म्हणालो, "चाळीस वर्षं गार पाण्याने हात धुवायला लावलेस, आता तरी सुखाने न्हाऊ दे!" आणि मंगळवारी दुपारी दात घासायच्या जुन्या ब्रशने हीटरचं तोंड खरवडून काढलं. गॅलरीच्या दाराला स्वयंपाकघराकडून कडी घातली आणि टबात उतरलो.

तिसरं मिनिट गेलं. पाचवं गेलं. हीटर झकास पेटलेला. इतकी गोड गुंगी आली की हात उचलवेना. सपाता वाजल्या. या वेळी चाल घाईची होती. मग पाणी एकदम बर्फासारखं गार. मी शिव्या देत उठलो, पडलो, रांगत पुढच्या खोलीत आलो आणि दार उघडून जिन्यात ओकलो. च्येनबाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आली, तिशीतली तडफदार बाई. बुजवलेल्या खिडक्या बघून तिने आधी मला झाडलं. "आजोबा, आग श्वास घेते! हवा नव्हती म्हणून तो विझत होता. साफ केलात तेव्हा तो तशाच हवेत पेटत राहिला आणि विषारी धूर तुमच्या न्हाणीघरात आला. पावलं ऐकू येणं, डोकं जड होणं, सगळं त्याच धुराने होतं." मी हायसं वाटून मान डोलावली. मग ती हीटरखालच्या सिलिंडरपाशी वाकली. "सिलिंडरची चावी कुणी बंद केली?"

चावी इतकी आवळलेली होती की तिला फडकं धरून दोन्ही हातांनी फिरवावी लागली. कडी तर आतूनच होती, तीच उघडून आम्ही गॅलरीत गेलो होतो. इतकं आवळायची खोड आमच्या घरात एकाच माणसाला होती.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना मोठ्याने नमस्कार सांग.

तुझा,
छिन-श्वेइ

ता. क. : नवा हीटर बाहेरच्या भिंतीवर बसवलाय, खिडक्या मोकळ्या केल्यात. चार दिवसांत एकदाही विझला नाही. काल मुद्दाम अर्धा तास पाणी सोडून बसलो. कुणीही आलं नाही.

ता. क. : पुन्हा कौल लावला. आहेस का, एवढंच विचारलं. उत्तर 'नाही' आलं. फाका जुन्या झाल्यात, म्हणून एकदाच टाकल्या.

ता. क. : खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहितोय. नव्या वर्षाला चार दिवस इकडे येशील का? पाणी भरपूर गरम आहे.