सावरबेट पुलाच्या तिसऱ्या खांबामागच्या पाण्याबाबत

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
खाडीपूल बांधकाम विभाग,
जिल्हा रायगड.

विषय : तिसऱ्या खांबामागील भोवऱ्यांचे गणित पुन्हा करून ते अमावास्येपूर्वी गावास दाखविणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा प्रवाह-अभ्यास अहवाल (माहिती अधिकारात मिळालेली प्रत).

महोदय,

मी, नूतन दयाराम चोगले, राहणार सावरबेट, धंदा सुकी मासळी विकणे, आपणास विनंतीपूर्वक कळविते की,

१. गेल्या शिमग्यानंतर माझे पती दयाराम तिसऱ्या खांबाला अडकलेले जाळे सोडवायला गेले. होडी मिळाली, ते मिळाले नाहीत. तेव्हापासून ओहोटीला खांबाकडून त्यांची हाक येते असे गाव म्हणते. मलाही येते. ते मला 'नूते' म्हणत, हाकही तशीच येते. आपल्या शाखा अभियंता दिशा मॅडम यांनी खांबाशी पाणी घासून आवाज कसा होतो हे मला बसवून समजावले. मला ते पटले. हाक येणे थांबलेले नाही.

२. आता गावाची प्रत्येक होडी तिसऱ्या खांबाशी आली की मशीन, म्हणजे इंजिन, बंद करते. होडी चालवणारा तांडेल टोपी काढतो, नारळ सोडतो. तेवढ्यात होडीचे तोंड आपोआप खांबाकडे वळते आणि दयाराम बोलावतोय असे सगळे समजतात. मागच्या आठवड्यात माझा धाकटा दीर धनेश याची होडी अशीच खांबावर आपटली व त्याचा हात मोडला. मशीन चालू ठेव असे मी त्याला आधीच विनवले होते. त्याचे म्हणणे, "वयनी, दादाच्या दारातून मशीन वाजवत कसा जाऊ? मानूस हाय ना मी?"

३. मी सातवीपर्यंत शिकले. पुढचे मोबाइलवर, मासळी वाळत असताना. प्रक्षुब्ध प्रवाहाचे धडे पुन्हा पुन्हा लावून एवढे कळले की, खांबामागे पाणी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरा सोडते, आणि मशीन बंद असलेली होडी त्यात ओढली जाते. अहवालात सगळ्याची सरासरी काढली आहे. डावे-उजवे एकमेकांत जिरले, आणि अहवालातल्या रंगीत चित्रात खांबामागे शांत निळा रंग आला. मॅडम म्हणाल्या, खांबाच्या मजबुतीसाठी सरासरी पुरते. ते खरेच आहे, पूल उभा आहे. पण होडी सरासरी पाण्यात तरंगत नाही. तिला त्या क्षणाचे पाणी लागते.

४. हे मी घरी बोलून दाखवले. सासूबाई गोदूबाई म्हणाल्या, "मोबाइलवर शिकलीस नि माझ्या पोराचा भोवरा केलास." त्या दिवसापासून त्या आपले ताट स्वतःच वाढून घेतात.

५. धनेशच्या अपघातावरून गावाने ठरवले की दयाराम उपाशी आहे. येत्या कार्तिक अमावास्येला, दुपारच्या ओहोटीला, सगळ्या होड्या तिसऱ्या खांबाशी जमून एकदम मशीन बंद करणार आहेत. अमावास्येच्या उधाणाची ओहोटी कशी ओढते हे आपणास सांगायला नको. पहिल्या होडीत भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन मी बसायचे आहे. नाही म्हटले तर नवऱ्याला उपाशी ठेवणारी ठरते, हो म्हटले तर अख्ख्या गावाला बुडवणारी.

सबब विनंती की, उधाणाच्या ओहोटीचे गणित सरासरी न काढता, क्षणाक्षणाचे करावे. कोणता भोवरा कधी सुटेल हे कोणालाच सांगता येत नाही, ते मी मागत नाही. किती मोठा आणि कुठवर, एवढे पुरे. ते चित्र घेऊन दिशा मॅडमना धक्क्यावर पाठवावे, आणि खांबाजवळ मशीन बंद करू नये असा फलक सरकारी शिक्क्यासह लावावा. माझे ऐकणार नाहीत, शिक्क्याचे ऐकतील. दयाराम तिथे नाहीत असे मात्र कोणी बोलू नये. ते आपल्या गणितात येत नाही, माझ्याही.

वेळेत कोणी न आल्यास मी पहिल्या होडीत बसेन आणि मशीनवर हात ठेवून बसेन, बंद करू देणार नाही. मागच्या होड्या मग पहिलीच्या मागून निघतील, अशी आशा आहे. मशीनच्या आवाजात हाक ऐकू येणार नाही, याची मला कल्पना आहे. त्या नुकसानीची भरपाई मी मागत नाही.

आपली नम्र,
नूतन दयाराम चोगले
मु. सावरबेट, ता. मुरूड