मूळ कोथरूडला, प्रत पेठेत

१ ऑगस्ट २०११
पहिला दिवस झकास! बुधवार पेठेतला फोटो स्टुडिओ, मालक श्यामसुंदरराव. चाळीस वर्षांचे तीन लाख फोटो संगणकावर चढवलेत. मूळ साठा त्यांच्या कोथरूडच्या घरी, प्रत इथे दुकानात. रोज चारला दोन्ही जुळवायचे, हेच माझं काम. मला वाटलं, अख्खा दिवस जाईल. पण प्रोग्राम हुशार निघाला. नुसती तारीख नि आकार पाहतो, फरक असेल तेवढंच आणतो. दोन मिनिटांत काम फत्ते! मूळ साठ्यात जे नाही, ते प्रतीतूनही उडवतो. आधी यादी दाखवतो, आपण ‘हो’ म्हणायचं.

३ ऑगस्ट
उडवायचा एकच फोटो : भैरू चहावाला. आपलाच भैरू! हसत ‘हो’ केलं.

४ ऑगस्ट
चहा आलाच नाही. शेजारच्या रेडिओवाल्या गुलजारभाईंना विचारलं, तर म्हणाले, कोण भैरू? दिवसातून चारदा त्याच्या नावानं ओरडणारा माणूस! कोपऱ्यावर गाडी नाही, भिंतीवर धुराचा डागसुद्धा नाही. कोथरूडचा फोटो कुणी उडवला, असं श्यामसुंदररावांना विचारलं. म्हणाले, मूळच गेल्यावर प्रतीचं काय लोणचं घालायचंय? मला या माणसाचा भरवसा वाटत नाही.

५ ऑगस्ट
सकाळी कोथरूडला बोलावून त्यांनी ओळखपत्रासाठी माझा फोटो काढला. चारला आपोआप दुकानात येईल म्हणे.
चारची यादी. आणायचा : हेमा, म्हणजे मीच. उडवायचा : सोजरबाई, मंडई.
मला ‘पोरी’ म्हणत फुकट कोथिंबीर देणारी सोजरबाई! नुसतं ‘नाही’ म्हटलं तर यादी उद्या पुन्हा येणार. मग सुचलं. दिशाच उलटी करायची. दुकान मूळ, कोथरूड प्रत. इथली सोजरबाई तिथे परत जाईल. नवी यादी न वाचताच ‘हो’ —

६ ऑगस्ट
सोजरबाई आहे! गाळ्यावर बसलीय. धावत गेले. पण पोरी म्हणाली नाही. ताई, काय देऊ, म्हणाली —

गुलजारभाईंनी विचारलं, कोण आपण? श्यामसुंदरराव माझ्या खुर्चीकडे बघत म्हणाले, इथे कुणीतरी ठेवायला हवं. मी खुर्चीतच बसलेले.

कालची यादी आत्ता उघडली. पाठवला : सोजरबाई. कोथरूडहून उडवला : एक.
माझा फोटो अजून दुकानात आलाच नव्हता, आणि मी दुकानाला मूळ —

आईला फोन लावला. म्हणाली, चुकीचा नंबर. मला मुलगी नाही.

भीती वाटतेय. लिहून ठेवते, निदान कागदावर तरी. माझं नाव हे